सर्वांत जवळची जोडी सोडून नेबर-जॉइनिंग दुसरीच जोडी का निवडते?

मंडूक यांचा प्रश्न:

मी जीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. सह्याद्रीतील बेडकांच्या बारा प्रजातींमधील एका मायटोकॉन्ड्रियल जनुकाचे क्रम घेऊन मी प्रजातींमधील अंतरांची सारणी तयार केली आणि तीच सारणी आधी यूपीजीएमए आणि मग नेबर-जॉइनिंग या, अंतरांवरून वंशवृक्ष काढणाऱ्या, दोन पद्धतींना दिली. दोन्हींचे वृक्ष जुळत नाहीत. यूपीजीएमए पहिल्याच पायरीवर सारणीतील सर्वांत लहान अंतराची जोडी एकत्र करते, हे समजण्यासारखे आहे. पण नेबर-जॉइनिंगने ती जोडी सोडून भलतीच जोडी उचलली आणि अखेरच्या वृक्षात त्या दोन ‘सर्वांत जवळच्या’ प्रजाती वेगवेगळ्या शाखांवर गेल्या.

सूत्र मी वाचले आहे. एकूण प्रजाती ‘स’ असतील, तर एखाद्या जोडीचे क्यू-मूल्य म्हणजे त्या दोघींमधील अंतर गुणिले (स − २), वजा पहिलीच्या ओळीतील सर्व अंतरांची बेरीज, वजा दुसरीच्या ओळीतील सर्व अंतरांची बेरीज. आणि ज्या जोडीचे क्यू सर्वांत कमी ती जोडायची. कृती कळली, पण कारण कळले नाही. ओळींच्या बेरजा वजा का करायच्या, आणि गुणक नेमका (स − २) च का? शिवाय ही पद्धत कोणती तरी राशी किमान करते की तो केवळ एक जमून गेलेला ठोकताळा आहे, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

शाखामृग यांचे उत्तर:

मंडूक, चारच प्रजातींचे उदाहरण घेऊ, कारण या विषयातील निम्मी भूमिती चार पानांतच (वृक्षाच्या टोकावरची प्रजाती म्हणजे पान) उलगडते. अ आणि ब एका बाजूला, क आणि ड दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये १ लांबीची एक आतील फांदी आहे असे समजा. अ आणि क यांच्या टोकाच्या फांद्या १ लांबीच्या आहेत, तर ब आणि ड यांच्या वंशांत बदल झपाट्याने झाल्यामुळे त्यांच्या फांद्या ५ लांबीच्या आहेत. फांद्यांवरून चालत जाऊन अंतरे मोजली, तर अब = ६, कड = ६, अक = ३, अड = ७, बक = ७ आणि बड = ११ अशी सारणी मिळते. या सारणीत कसलीही त्रुटी नाही. प्रत्येक आकडा खऱ्या वृक्षावरूनच आलेला आहे. तरीही सर्वांत लहान अंतर अक हे आहे आणि अ व क हे खऱ्या वृक्षात शेजारी नाहीत. यूपीजीएमए इथे निर्दोष माहितीवरूनही चुकीचा वृक्ष देते, कारण सर्व वंश सारख्याच वेगाने बदलत आले आहेत असे तिने न सांगता गृहीत धरलेले असते. सोकल आणि मिचनर यांनी १९५८ साली ही पद्धत मांडली, ती मुळात साम्यावरून वर्गीकरण करण्यासाठी होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिला फार दोष देता येत नाही.

आता तीन बेरजा करा. अब + कड = १२, अक + बड = १४, अड + बक = १४. वृक्षावरून आलेल्या कोणत्याही चार पानांसाठी या तीन बेरजांपैकी दोन मोठ्या बेरजा नेहमी समान असतात, आणि तिसरी त्यांच्याइतकीच किंवा त्यांहून लहान असते. मोठ्या बेरजांच्या जोड्यांना आतली फांदी दोनदा ओलांडावी लागते, लहान बेरजेतील जोड्यांना एकदाही नाही. म्हणून फरक आतल्या फांदीच्या दुप्पट, म्हणजे इथे २ इतका येतो. हीच चार-बिंदूंची अट. एखादी सारणी वृक्षावरून आली आहे की नाही, हे ठरवायला सर्व चौकड्यांसाठी एवढी एकच अट पुरेशी आहे. झारेत्स्की यांनी १९६५ मध्ये आणि ब्यूनमन यांनी १९७१ मध्ये या अंगाने मांडणी केली, आणि वृक्षांची सगळी संयोजनात्मक बांधणी आजही याच अटीवर उभी आहे.

क्यू काढून पाहा. ओळींच्या बेरजा अ साठी १६, ब साठी २४, क साठी १६ आणि ड साठी २४ अशा येतात. म्हणून अब चे क्यू २ × ६ − १६ − २४ = −२८, आणि कड चेही −२८. उरलेल्या चारही जोड्यांचे क्यू −२६ येते. म्हणजे जी अक जोडी नुसत्या अंतराच्या कसोटीवर पहिली आली होती, ती इथे बड इतकीच मागे आहे. ब सगळ्यांपासूनच दूर आहे, आणि त्या मानाने अ पासून तो फारसा दूर नाही, ही गोष्ट ओळीची बेरीज वजा केल्यावर दिसू लागते.

गुणक (स − २) च का, याचे उत्तर मला या सूत्रातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. समजा, ब च्या टोकाची फांदी आणखी ‘ल’ इतकी लांबली. त्यामुळे ब च्या ओळीतील (स − १) अंतरे प्रत्येकी ल ने वाढतात. ब ज्या जोडीत आहे तिच्या क्यूमध्ये (स − २)ल मिळवले जातात, ब च्या ओळीपायी (स − १)ल वजा होतात आणि जोडीदाराच्या ओळीपायी आणखी ल वजा होतो. एकूण बदल −२ल. ज्या जोडीत ब नाही, तिथे दोन्ही प्रजातींच्या ओळींत ब पर्यंतचे अंतर एकेकदा येत असल्यामुळे बदल पुन्हा −२ल इतकाच होतो. सगळ्या जोड्यांचे क्यू सारखेच खाली सरकल्याने क्रमवारी तसूभरही बदलत नाही. अर्थात टोकाच्या फांद्या कितीही लांब-आखूड असोत, नेबर-जॉइनिंगच्या निवडीवर त्यांचा परिणाम होत नाही, आणि हे साधणारा गुणक (स − २) हाच आहे. दुसरा कोणताही घेतला तर हा गुण जातो. आपल्या सारणीतील ‘सर्वांत जवळच्या’ दोन प्रजाती बहुधा संथ गतीने बदललेल्या असतील, आणि त्यांची जवळीक नात्यापेक्षा आखूड फांद्यांमुळे दिसत असेल.

रेषाखंड यांचे उत्तर:

शाखामृग यांनी जे बीजगणिताने दाखवले, त्याचे चित्रही काढता येते. ‘ही पद्धत कोणती तरी राशी किमान करते का’ या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रात असल्यामुळे ते सविस्तर लिहितो.

चार प्रजातींच्या सारणीत सहा अंतरे असतात, म्हणून प्रत्येक सारणी हा सहा मितींच्या अवकाशातील एक बिंदू. टोकाच्या चार फांद्या लांबवल्याने किंवा आखडल्याने निवड बदलत नसेल, तर त्या चार दिशा चित्रातून काढून टाकता येतात आणि हाती उरते ते दोन मितींचे साधे प्रतल. चार पानांचे मूळरहित, म्हणजे समाईक पूर्वज कुठे ते न दाखवणारे, वृक्ष तीनच आहेत. प्रतलात ते आरंभबिंदूपासून निघणारे तीन किरण होतात, दर दोन किरणांत १२० अंशांचा कोन. किरणावर जितके बाहेर जावे तितकी आतली फांदी लांब. मोजलेली सारणी मात्र जवळजवळ कधीच किरणावर पडत नाही, ती किरणांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. मग प्रतलाचे तीन सारखे पाचर करायचे आणि बिंदू ज्या पाचरात असेल तो वृक्ष द्यायचा. चार पानांसाठी नेबर-जॉइनिंग एवढेच करते.

पाच पानांपासून चित्र गुंतागुंतीचे होते. दहा अंतरे, वजा पाच टोकाच्या फांद्या, म्हणजे पाच मिती. द्विशाखी वृक्ष, म्हणजे फांद्या फुटतात त्या प्रत्येक गाठीपाशी तीनच फांद्या असलेले, १५. प्रत्येकात दोन आतील फांद्या असल्याने प्रत्येक वृक्ष हा एक द्विमितीय पाचर, आणि पाचरांच्या कडा म्हणजे पाच पानांचे ‘दोन विरुद्ध तीन’ असे १० विभाग. दहा बिंदू, पंधरा रेषा आणि प्रत्येक बिंदूपाशी तीन रेषा अशी ही रचना म्हणजे आलेखशास्त्रातील सुप्रसिद्ध पीटरसन आलेख आहे. बिलेरा, होम्स आणि वोग्टमन यांनी २००१ साली वृक्षांच्या अवकाशाची जी भूमिती मांडली तिच्यात तो भेटतो, आणि स्पेयर व स्टुर्मफेल्स यांच्या २००४ मधील ट्रॉपिकल ग्रासमनियन या भौमितिक अवकाशावरील कामात, जिथे चार-बिंदूंची अट हेच मूळ समीकरण ठरते, तिथेही तोच भेटतो. पाच मितींच्या अवकाशात हे पंधरा पाचर म्हणजे फार पातळ जाळे आहे. मंडूक यांच्या बारा प्रजातींसाठी सारणीत ६६ अंतरे आहेत, पण वृक्षाला फांद्या २१ च. आणि मूळरहित द्विशाखी वृक्षांची संख्या ३ × ५ × ७ × … × १९, म्हणजे ६५,४७,२९,०७५ आहे. स पानांच्या वृक्षाला (२स − ३) फांद्या असतात आणि नवे पान त्यांपैकी कोणत्याही फांदीवर लावता येते, यावरून हा गुणाकार आपोआप मिळतो. एवढ्या वृक्षांतून, सारणीतील आणि वृक्षावरील अंतरांमधील फरकांच्या वर्गांची किमान बेरीज देणारा वृक्ष नेमका शोधणे सर्वसाधारणपणे आटोक्याबाहेरचे आहे, हे डे यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. योगायोग असा की सैतू आणि नेई यांनी नेबर-जॉइनिंग मांडली तीही १९८७ मध्येच.

आता किमान काय होते ते पाहू. पॉप्लां यांनी २००० साली वृक्षाच्या एकूण लांबीचे एक सूत्र दिले. त्यात दोन पानांमधील वाटेवर जितक्या आतील गाठी लागतील तितक्या वेळा त्यांचे अंतर निम्मे करायचे, आणि असे सगळ्या जोड्यांचे मिळवायचे. शाखामृग यांच्या उदाहरणात खऱ्या वृक्षासाठी (६ + ६) चे निम्मे आणि (३ + ७ + ७ + ११) चा चौथा हिस्सा, म्हणजे ६ + ७ = १३; फांद्यांची खरी बेरीजही १ + ५ + १ + ५ + १ = १३. अ-क एकत्र असलेल्या वृक्षासाठी हेच सूत्र १४ चे निम्मे आणि २६ चा चौथा हिस्सा, म्हणजे १३.५ देते. ज्या वृक्षाची ही लांबी सर्वांत कमी तो संतुलित किमान-उत्क्रांतीचा वृक्ष. गास्क्युएल आणि स्टील यांनी २००६ मध्ये दाखवले की नेबर-जॉइनिंग प्रत्येक पायरीवर हीच लांबी शक्य तितकी कमी करत जाते. म्हणजे ठोकताळा नव्हे. पण पद्धत हावरी आहे, पुढचा विचार न करता दर पायरीला मिळेल ते पदरात पाडून घेते, आणि त्यामुळे किमान लांबीचा वृक्ष दर वेळी हाती लागेलच असे नाही.

या लांबीच्या सूत्रातील सहगुणक प्रत्येक वृक्षासाठी एक बिंदू ठरवतात, आणि त्या सगळ्या बिंदूंना वेढणारा बहिर्वक्र ठोकळा म्हणजे संतुलित किमान-उत्क्रांतीचा पॉलिटोप. चार पानांसाठी तो त्रिकोण आहे. पाच पानांसाठी तो पाच मितींचा असून त्याला १५ शिरोबिंदू आणि १०५ कडा आहेत. पंधरा बिंदूंच्या जोड्याही १०५ च होतात; म्हणजे प्रत्येक शिरोबिंदू उरलेल्या चौदाही शिरोबिंदूंना कडेने जोडलेला आहे. याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. वृक्षांच्या जाळ्यात प्रत्येक पाच-पानी वृक्षाला चारच शेजारी आहेत, एक आतली फांदी मिटवून दुसऱ्या तऱ्हेने उघडली की ते मिळतात. सारण्यांच्या अवकाशात मात्र प्रत्येक वृक्षाच्या प्रदेशाची हद्द इतर चौदाही प्रदेशांना भिडते. सारणी जाळ्याच्या जवळ असेल, तर लहानशा त्रुटीने वृक्ष बदलला तरी तो शेजारचाच होतो. ती जाळ्यापासून दूर भरकटलेली असेल, तर एखादा आकडा किंचित हलल्याने अगदी विजोड वृक्षही समोर येऊ शकतो.

तळटीप यांचे उत्तर:

रेषाखंड यांचे चित्र मला पटते. माझा आक्षेप एवढाच की या अवकाशात त्रुटी सर्व दिशांना सारखी पसरत नाही, आणि बेडकांच्या सारणीवर काम करणाऱ्याला तीच गोष्ट आधी नडते.

अ‍ॅटेसन यांनी १९९९ मध्ये नेबर-जॉइनिंगची हमी सिद्ध केली: सारणीतील प्रत्येक अंतराची त्रुटी वृक्षातील सर्वांत आखूड आतील फांदीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, तर वृक्ष बरोबरच येतो. अंतरांवर चालणाऱ्या कोणत्याही पद्धतीला याहून मोठी हमी देता येत नाही. ऐकायला हे भक्कम वाटते, पण अट प्रत्येक अंतराला लागू आहे, अगदी दूरच्या अंतरांनाही, आणि नेमकी तीच सर्वांत अविश्वसनीय असतात. ज्यूक्स आणि कँटर यांचे १९६९ चे सूत्र घ्या; एकाच जागी पुन्हापुन्हा झालेले बदल धरून ते अंतर दुरुस्त करते. दोन क्रमांत १० टक्के जागा भिन्न असतील तर दुरुस्त अंतर सुमारे ०.१०७ येते, आणि १५ टक्के असतील तर सुमारे ०.१६७, म्हणजे ५ टक्क्यांच्या फरकाने ०.०६ चा बदल. तोच ५ टक्क्यांचा फरक ६० आणि ६५ टक्क्यांमध्ये असेल, तर अंतर १.२०७ वरून १.५११ वर, म्हणजे ०.३० ने उडी घेते, आणि ७५ टक्क्यांपाशी सूत्र अनंताकडे जाते. मायटोकॉन्ड्रियल जनुकांत कोडॉनच्या (तीन अक्षरांच्या गटांच्या) तिसऱ्या जागा लवकर संपृक्त होतात, म्हणजे तिथे नवे बदल जुन्या बदलांना झाकून टाकतात, त्यामुळे बाह्यगट (तुलनेसाठी घेतलेली, गटाबाहेरची प्रजाती) म्हणून फार दूरचा बेडूक घेतला असेल, तर त्याच्यापर्यंतची अकराही अंतरे डळमळीत असतात आणि ओळींच्या बेरजांतून ती प्रत्येक जोडीच्या क्यूमध्ये शिरतात.

पॉप्लांच्या सूत्रात दूरच्या जोड्यांचे वजन निम्म्या-निम्म्याने घटत जाते, हे म्हणूनच मोलाचे आहे. डेस्पर आणि गास्क्युएल यांनी दाखवले की लांब वाटांच्या अंतरांत त्रुटीचा पसारा गाठीगणिक दुप्पट होतो असे मानले, तर नेमकी हीच वजने येतात. हाच विचार गास्क्युएल यांच्या १९९७ च्या बायोएनजे या सुधारित रूपात वेगळ्या मार्गाने आलेला आहे. माझ्या मते आज साधी नेबर-जॉइनिंग आरंभीचा वृक्ष म्हणून वापरावी आणि त्यानंतर फास्टएमईसारख्या प्रणालीने फांद्यांची अदलाबदल करून संतुलित लांबी आणखी कमी होते का ते पाहावे. बारा प्रजातींना त्यासाठी क्षणभरही लागत नाही.

मंडूक यांचा प्रतिसाद:

तिघांचेही आभार. गुणकाचा उलगडा वाचल्यावर मी सारणी पुन्हा पाहिली. यूपीजीएमएने जोडलेल्या त्या दोन प्रजातींच्या ओळींच्या बेरजा खरोखरच सर्वांत लहान आहेत, म्हणजे त्या सगळ्यांनाच जवळच्या आहेत.

आणखी एक शंका. माझ्याकडे केंद्रकातील एका जनुकाचीही सारणी आहे. तिच्यावरून नेबर-जॉइनिंगने काढलेल्या वृक्षाची रचना मायटोकॉन्ड्रियल वृक्षासारखीच आली. पण दोन्ही सारण्यांची सरासरी काढून तीच पद्धत वापरली, तर एका ठिकाणी वेगळी शाखा आली. दोन्ही साक्षीदार एकच सांगत असताना त्यांची सरासरी वेगळे कसे सांगू शकते? मी आकडेमोड दोनदा तपासली आहे.

रेषाखंड यांचे उत्तर:

आकडेमोड बरोबरच असणार; असे घडू शकते, आणि त्याचे कारण शुद्ध भौमितिक आहे. संतुलित किमान-उत्क्रांतीत एका वृक्षाचा प्रदेश हा बहिर्वक्र शंकू असतो, म्हणून त्यातील दोन बिंदूंची सरासरी त्याच प्रदेशात राहते. नेबर-जॉइनिंगचा प्रदेश तसा नसतो. तोच वृक्ष वेगवेगळ्या क्रमाने जोड्या जोडूनही तयार होतो. पाच पानांच्या वृक्षात दोन शेजारी जोड्या असतात आणि सुरुवात कोणत्याही जोडीपासून होऊ शकते. अशा प्रत्येक क्रमाचा स्वतंत्र बहिर्वक्र शंकू असतो. पाच पानांसाठी एकूण ३० शंकू आणि १५ वृक्ष, म्हणजे प्रत्येक वृक्षाच्या वाट्याला दोन. मात्र त्या दोन शंकूंचा मिळून होणारा प्रदेश बहिर्वक्र राहत नाही. आइकमायर, हगिन्स, पॅक्टर आणि योशिदा यांनी २००८ मध्ये या प्रदेशांची तपशीलवार तुलना करून हे दाखवले आहे. आपल्या दोन जनुकांच्या सारण्या एकाच वृक्षाच्या दोन वेगळ्या शंकूंत पडल्या असाव्यात, आणि त्यांना जोडणारी रेषा मध्येच तिसऱ्या वृक्षाच्या हद्दीतून गेली असावी. दोन्ही वेळी पहिली जोडी कोणती जोडली गेली ते तपासा. क्रम वेगळा निघाला, तर ही शक्यता बळकट होईल.

सरासरीच्या सारणीवर संतुलित लांबी दोन्ही वृक्षांसाठी काढून पाहणे हाही उपाय आहे. जुना वृक्ष आखूड निघाला, तर नवी शाखा केवळ हावऱ्या पद्धतीची करामत समजावी.

शाखामृग यांचे उत्तर:

रेषाखंड यांच्या तपासणीबरोबर आणखी एक करावी. बारा प्रजातींच्या ४९५ चौकड्या होतात. प्रत्येक चौकडीच्या तीन बेरजा काढून मोठी वजा मधली, भागिले मोठी वजा लहान, हा भागाकार करा. शून्य आला तर चौकडी वृक्षावर नेमकी बसते, आणि एक आला तर दोन लहान बेरजा समान आहेत, म्हणजे दोन वृक्षांच्या हद्दीवर आहे. होलंड, ह्यूबर, ड्रेस आणि मूल्टन यांनी २००२ मध्ये सुचवलेला डेल्टा आलेख तो हाच. एखाद्या प्रजातीच्या चौकड्यांची सरासरी सातत्याने जास्त येत असेल, तर गोंधळ तिच्यापाशी आहे. तळटीप यांचा अंदाज पाहता मी बाह्यगटाच्या चौकड्या वेगळ्या काढून आधी त्याच पाहीन, आणि त्याला वगळून उरलेल्या अकरा प्रजातींवर दोन्ही जनुकांचे व सरासरीचे वृक्ष पुन्हा काढीन. अकरा प्रजातींवर तिन्ही वृक्ष जुळले, तर वेगळी शाखा त्या एका दूरच्या बेडकापायी आली असे धरायला हरकत नाही. तरीही जुळले नाहीत, तर सरासरीच्या सारणीवर ब्रायंट आणि मूल्टन यांची नेबरनेट ही वृक्षाऐवजी जाळे काढणारी पद्धत चालवून तिथे चौकटींचे जाळे दिसते का ते पाहावे, आणि जाळे दिसले तर त्या शाखेपुरता एकच वृक्ष छापण्याचा आग्रह सोडून द्यावा.